बोंबील वर आला, डाळ खाली गेली : मुंबईच्या ताटाचा जमिनीकडून आढावा

उदगीरच्या आठवडी बाजारात एका कडेला, मिरचीवाल्यांच्या पलीकडे, सुकटवाल्या बसतात. खाली ताडपत्री, तिच्यावर सुकटीचा ढीग आणि शेजारी वाळक्या काटक्यांसारखे दिसणारे सुके बोंबील. समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. गिऱ्हाईक बहुतेक रोजंदारीवरचं. एखादा बोंबील हातात घेऊन नीट पाहिला तर त्याचा जबडा वासलेला दिसतो. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळणी बोंबील वाळत घालतात तेव्हा एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी बांबूच्या वलांडीवर टांगतात. पुढं जोडी सुटते, जबडा तसाच राहतो. घरी आणून तव्यावर भाजला, तुकडे केले, लसूण-कांदा आणि लाल तिखटात परतला की एका बोंबलावर दोन भाकरी जातात. आमच्याकडच्या कष्टकरी घरांत पोचलेला समुद्र एवढाच.

याच गावाच्या मोंढ्यात तूर, मूग, उडीद, हरभऱ्याचे सौदे होतात. डाळमिलांतून भरडून निघालेली तूरडाळ पोत्यांत भरून ट्रकने मुंबईकडं जाते. बोंबील वर येतो, डाळ खाली जाते. मुंबईच्या खाण्याच्या इतिहासावर मिळेल ते वाचत आलो, तेव्हा हा खाली जाणारा रस्ता मला त्यात फार क्वचित भेटला. त्या इतिहासात आजवर काय काय आलं आणि काय सुटलं, हे उदगीरला बसून पाहावं असं वाटलं, म्हणून हा लेख.

लिहिलं गेलं आहे ते थोडं नाही. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली ‘मुंबईचे वर्णन’ छापलं. शहराच्या बाजारपेठा, धंदे, जातीजमाती यांची मराठीतली ही पहिली मोठी नोंद. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ आलं आणि मराठी स्वयंपाक छापील पुस्तकात गेला. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणी-मित्र’ लिहिलं. हजार पाककृतींचं हे पुस्तक मुंबईच्या पाठारे प्रभू घरातून आलेलं. अलीकडे फ्रँक कॉनलन या अमेरिकी अभ्यासकाने मुंबईतल्या बाहेर जेवण्याच्या सवयीवर एक दीर्घ निबंध लिहिला, तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखती घेऊन २००४ मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात खानावळींचा आवाज ऐकू येतो. रविवारच्या पुरवण्यांतून इराणी हॉटेलं, उडुपी भोजनालयं, महंमद अली रोडवरची रमजानची रात्र, पारशी धानसाक यांवर तर दर वर्षी नव्याने लिहिलं जातं.

हे सगळं एकत्र ठेवलं की एक गोष्ट ध्यानात येते. हा बव्हंशी पाट्यांचा इतिहास आहे. ज्यांना दुकानावर पाटी लावता आली, ज्यांना पुस्तक छापता आलं, त्यांच्या चवी नोंदवल्या गेल्या. ज्यांनी चाळीच्या खोलीत तीस माणसांचं जेवण रांधलं, ज्यांनी गोदीत धान्याची पोती पाठीवर वाहिली, ज्यांनी शेतात तूर काढली, त्यांच्याकडं पाटी नव्हती. बंदराचा इतिहास जहाजांवरून मोजायची सवय लागली की असंच होणार.

जहाजांचं देणं मोठं आहे, ते कमी लेखायचं काही कारण नाही. १५३४ च्या तहाने वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगिजांकडं गेली. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांच्या राजाला मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केली. या काळात पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून मिरची, बटाटा, काजू, पपई, अननस असा अमेरिका खंडातला माल देशात शिरला. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्दही त्याच जहाजांतून उतरले. आमच्या ठेच्यातली मिरची आणि चटणीतला भुईमूगसुद्धा मुळात समुद्रापलीकडचेच. मराठवाड्याचं अस्सल गावरान म्हणून आपण जे ताट समोर ठेवतो, त्यातला अर्धा तिखटपणा परदेशी बियाण्याचा आहे. उलट तूर ही इथलीच, भारतात माणसाळलेली. ज्वारी फार जुनी, काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेली. मूळ शोधत गेलं की गावरान आणि परकं यांच्या सीमा फार टिकत नाहीत.

कोळी मात्र या सगळ्याच्या आधीपासून मुंबईत होते. त्यांच्या बोंबलाला इंग्रजांनी ‘बॉम्बे डक’ म्हटलं. मुंबईच्या मेलगाडीतून, म्हणजे ‘डाक’गाडीतून, त्याचा वास यायचा म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट मोठ्या हौसेने सांगतात. ती टिकणारी नाही. हे नाव आगगाडी सुरू होण्याच्या आधीच छापील पुस्तकांत सापडतं. खाण्याच्या इतिहासात अशा गोड गोष्टी फार असतात. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू असताना, १८६० च्या दशकात, कापसाच्या दलालांसाठी रात्री उशिरा पावभाजी जन्मली, ही त्यातलीच एक. चव घेऊन सांगावी अशी गोष्ट आहे, पण तेवढ्यावर इतिहास उभा राहत नाही.

१८३४ मध्ये अमेरिकेतून जहाजाने बर्फही मुंबईला आला, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला, गोठलेल्या तळ्यांतून कापून काढलेला. १९०४ चं क्यानी, १९२३ चं ब्रिटानिया अशी इराण्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. इराणातून आलेल्या या माणसांनी चहा, ब्रून मस्का आणि संगमरवरी टेबल सर्व जातींना एकाच दराने दिलं, हे त्यांचं खरं काम. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये सुरू केलेलं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगही याच परंपरेतलं. बोहऱ्यांचा थाळ, ईस्ट इंडियनांचा बाटलीत भरून ठेवायचा मसाला, बेने इस्रायलींचा मलिदा यांवर इतरांनी मायेने लिहिलं आहे, मी ते इथं पुन्हा सांगत नाही.

पावाजवळ मात्र थांबायला हवं, कारण पावाचा इतिहास हा मुंबईच्या मराठी मनाचा इतिहास आहे. गोव्याकडच्या ख्रिस्ती भटारींनी माडी घालून फुगवलेला हा पाव हिंदू घरांत बाटवणारा पदार्थ मानला जाई. विहिरीत पावाचा तुकडा टाकून अख्खं गाव बाटवल्याच्या कथा वसईच्या बाजूला आजही ऐकायला मिळतात. १८४९ च्या सुमारास मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण अशी शिकलेली, जातिभेद मोडू पाहणारी ही मंडळी गुप्तपणे जमत. सभेत येणाऱ्याला ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. तोंडात घातलेला पावाचा तो एक तुकडा म्हणजे जातीशी तोडलेलं नातं. पुढं १८६० मध्ये सभासदांच्या नावांची वही बाहेर गेली आणि सभाच मोडली. पाव खाल्ल्याचं उघड होणं एवढं महाग पडत होतं.

त्यानंतर शंभर वर्षांनी, १९६६ मध्ये, दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी बटाट्याचा वडा पावात घालून विकायला सुरुवात केली. बटाटा पोर्तुगिजांचा, पाव पोर्तुगिजांचा, मिरची त्यांच्याच जहाजातली. बेसन मात्र हरभऱ्याचं, म्हणजे घाटावरचं. बघता बघता हा वडापाव मराठी माणसाच्या अस्मितेचा पदार्थ झाला. ज्या पावाने जात जायची त्याच पावाने पुढं मराठीपण सांगितलं, याहून मोठा बदल मुंबईच्या ताटात झालेला मला दिसत नाही. हे कुणा सुधारकाने भाषण करून घडवलं नाही. गिरणीच्या पाळीवरून सुटलेल्या, लोकलची वाट पाहणाऱ्या, खिशात थोडे पैसे असलेल्या माणसाच्या भुकेने ते घडवलं.

आता जमिनीच्या बाजूने. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली. १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून रूळ वर आले, १८६५ मध्ये थळघाटातून. तोवर बेटावरचं धान्य गलबतांतून आणि बैलांच्या पाठीवरून यायचं. घाट फुटला आणि दख्खन, खानदेश, वऱ्हाड, माळवा यांचं धान्य डब्यांत भरून मशीद बंदराजवळच्या दाणाबंदरात उतरू लागलं. १८५४ मध्ये कावसजी दावरांनी पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला होता. गिरण्यांना माणसं लागली, माणसांना धान्य लागलं, दोन्ही एकाच रुळांवरून आली. १८६९ मध्ये क्रॉफर्ड मार्केट उभं राहिलं. आज ते महात्मा फुले मंडई या नावाने ओळखलं जातं. शेतकऱ्याच्या दैन्यावर आसूड ओढणाऱ्या माणसाचं नाव या मंडईला मिळालं, ते योग्यच झालं.

हा रूळ दोन्ही दिशांनी चाले. १८६९ मध्येच सुएझचा कालवा खुला झाला आणि हिंदुस्थानचा गहू विलायतेला जाणं सोपं झालं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं मरत असताना देशाच्या बंदरांतून गहू बाहेर जात होता. बंदर म्हणजे केवळ अन्न आणणारं दार, असं मानणाऱ्यांनी ही तीन वर्षं विसरू नयेत. दाणाबंदराला लागून असलेल्या मांडवीत १८९६ च्या सप्टेंबरात प्लेगचे पहिले रोगी सापडले. धान्याची कोठारं, त्यात उंदीर, उंदरांवर पिसवा, आणि त्याच कोठारांवर हमाल झोपलेले. शहराचं पोट जिथं भरत होतं तिथूनच मरणही पसरलं.

माझ्या म्हणण्याला मुरड घालणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. मुंबईचा भात मोठ्या प्रमाणावर समुद्राने यायचा. ब्रह्मदेशातून हिंदुस्थानात दर वर्षी लाखो टन तांदूळ येई आणि कोकणातून आलेल्या भातखाऊ कामगारांचं शहर त्यावर जगे. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि हा झरा आटला. मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झालं. देशात एवढ्या मोठ्या शहरात अशी व्यवस्था सर्वांत आधी इथं आली. त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं उपाशी मेली, मुंबईत तसं झालं नाही. त्याला रेशनकार्ड कारण झालं आणि घाटावरून आलेलं भरड धान्यही. भातखाऊ घरांतही त्या वर्षांत ज्वारीची भाकरी थापली गेली. रेशन हा शब्द आपल्या तोंडी बसला तो तेव्हापासून.

या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी जागा म्हणजे गिरणगावची खानावळ. लालबाग, परळ, वरळी, शिवडीच्या चाळींत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतून आलेले पुरुष एका गाळ्यात दहा-बारा असे राहत, पाळीपाळीने झोपत. बायकामुलं गावी. जेवण महिन्याच्या बोलीवर खानावळीत. खानावळवाली बहुधा विधवा, नाहीतर नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून चूल वाढवलेली बाई. पहाटेच्या पाळीआधी भाकरी तयार, दुपारी गिरणीच्या दारात डबा, रात्री दुसरी पंगत. पगाराच्या दिवशी हिशेब. पगार झाला नाही तर उधारी, आणि वाण्याची उधारी तिच्या डोक्यावर. खानावळ गावागावाची, जातीजातीची असे. आपल्याच तालुक्यातली बाई, आपल्याच चवीचं कालवण. शहरात येऊनही माणूस आपल्या गावच्या चुलीपाशीच जेवत होता.

डबेवाल्यांची गोष्टही इथलीच. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी शंभरएक माणसं घेऊन हे काम सुरू केलं. मावळ, खेड, जुन्नरची ही माणसं आज जगभर अचूकपणासाठी वाखाणली जातात. त्या वाखाणणीत एक प्रश्न बुडून जातो. घरचाच डबा हवा, हा आग्रह इतका का होता? आईच्या हातची चव हे एक कारण झालं. दुसऱ्या जातीच्या हातचं नको, हे दुसरं, आणि ते काही लहान नव्हतं.

गिरणीत तर हे आणखी उघड होतं. विणखात्यात धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या धोट्याला आधी दुसऱ्या कुणाचं तोंड लागलेलं असे. एवढ्या कारणाने सवर्ण कामगार अस्पृश्यांना विणखात्यात येऊ देत नसत, आणि मजुरी त्याच खात्यात चांगली मिळे. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं धरला. खाण्याचा इतिहास लिहिताना हा धागा मला सोडवत नाही. तोंडाला काय लागलं आणि कुणाच्या तोंडाला लागलं, यावर जिथं माणसाची मजुरी ठरत होती, तिथं खानावळीतल्या पंगतीची रचना वेगळी कशी असेल?

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, सावकाराच्या हातून सोडवलं. त्या बायका अन्न पुरवणाऱ्या उद्योजक आहेत, हे प्रथम कुणी मोठ्याने म्हटलं असेल तर या मंडळाने. मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगार थांबला, उधारी वाढली, पंगती ओस पडल्या. गिरण्यांबरोबर किती चुली विझल्या याचा आकडा कुठल्या अहवालात नाही. त्या चुलींची जागा वडापावच्या गाड्यांनी घेतली. बंद गिरण्यांच्या कितीतरी कामगारांनी आणि त्यांच्या मुलांनी त्या गाड्या टाकल्या.

यात उदगीर कुठं आहे? बराच काळ कुठंच नाही, आणि त्यालाही कारण आहे. आमचा भाग निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात. आमचा मुलूख वेगळा, नाणं वेगळं, मालावर करोडगिरीचा नाका. आमचा रूळ विकाराबादकडं, म्हणजे हैदराबादच्या दिशेने. म्हणून आमच्या ताटात बगारा खाना आणि दालचा आहे, चिंचेचा हात सैल आहे, बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषांत भाव होतो. १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा उदगीर मुंबई राज्यात आलं. कागदावर मुंबई आमची राजधानी झाली, पोटाचं नातं जडायला अजून सोळा वर्षं जायची होती.

ते नातं १९७२ च्या दुष्काळाने जोडलं. विहिरी आटल्या, बैल विकले, माणसं खडी फोडायला गेली. त्या वर्षी पहिल्यांदा प्रवाह उलटा फिरला. अमेरिकेतली लाल ज्वारी, जिला सगळे मिलो म्हणत, बंदरावर उतरून मराठवाड्याच्या खेड्यांत आली. तिची भाकरी थापताना चिरायची, चव मातीसारखी, पण ती खाऊन माणसं जगली. मुलांना सुकडी मिळायची. माझ्या आईच्या पिढीला मिलो म्हटलं की अजून गप्प व्हायला होतं. आणि ज्या वाटेने मिलो वर आली त्याच वाटेने माणसं खाली गेली. मावशी नि तिचा नवरा त्या वर्षी मुंबईला गेले ते मानखुर्दच्या झोपडपट्टीत राहिले. ती बांधकामावर घमेली उचलायची. पहिली कित्येक वर्षं गावाहून जाणारा प्रत्येक माणूस तिच्यासाठी ज्वारीचं पीठ, तूरडाळ आणि शेंगदाण्याची चटणी नेई, येताना सुके बोंबील आणी. मुंबईच्या ज्वारीला चव नाही, असं ती म्हणायची. जातं घरात ठेवायला जागा नव्हती, त्याचं तिला वाईट वाटे.

धारावी, चेंबूर, गोवंडी, कुर्ल्यात अशा हजारो चुली आहेत. त्यांवर हुलग्याचं माडगं शिजतं, अंबाडीची भाजी होते, सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला होतो, शिळ्या भाकरीचा काला होतो. पण मुंबईत मालवणी आणि कोल्हापुरी पाट्या गल्लोगल्ली दिसतात, मराठवाड्याची पाटी शोधावी लागते. हे अन्न चवीला कमी म्हणून असं झालं, हे मला मान्य नाही. गेलेली माणसं बहुतेक भूमिहीन, बरीचशी दलित. त्यांच्याकडं दुकान टाकायला भांडवल नव्हतं आणि त्यांच्या अन्नाला शहरात आधीच एक नाव चिकटलं होतं : घाटी. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची पहिली सविस्तर नोंद केली. धुरंधरांच्या पुस्तकानंतर शंभरावर वर्षांनी. मुंबईच्या अन्नाचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत. एकात तूप मोजून सांगितलेलं आहे, दुसऱ्यात ते नसलेल्या घराचं कालवण आहे, आणि दोन्ही घरं एकाच शहरात येऊन राहिली.

सरकारने भाकरीला पाटी दिली ती १९९५ मध्ये, एक रुपयात झुणका-भाकर. योजना टिकली नाही, जागा उरल्या आणि त्यांत दुसरंच काही विकलं जाऊ लागलं. २०२० मध्ये दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. मधल्या काळात ज्वारीच दुर्मीळ होत गेली. आमच्या भागात सोयाबीनने शिवारं व्यापली. जी भाकरी गरिबाची ओळख होती, तिची ज्वारी अलीकडे गव्हाहून महाग विकली जाते. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत ती पौष्टिक धान्य म्हणून ताटात येते आणि मानखुर्दला मावशीच्या सुना पोळ्या करतात.

तूर अजून टिकून आहे. तिच्यामुळेच आमचं गाव मुंबईच्या ताटात आहे, नाव नसलं तरी. डाळमिल आतून पाहिली म्हणजे या डाळीला किती हात लागतात ते कळतं. आधी तूर चाळणीतून काढतात, खडे-माती जाते. मग तिला घासून सालाला ओरखडे पाडतात, तेल लावतात, मुरवत ठेवतात. मग पाणी देऊन उन्हात पसरतात. मिलच्या फरशीवर तुरीचा हा पिवळा-तांबडा थर पसरलेला असतो आणि बायका अनवाणी पायांनी तो खालीवर करत चालतात, पायाने रेघा ओढत. सालाने डाळीचा हात सोडला की तूर भरडायला जाते. तुटलेली कणी आणि टरफलं म्हणजे चुनी, ती देवणी बैलांच्या पुढ्यात जाते. फटका डाळ वेगळी, हलकी प्रत वेगळी. आईच्या काळात हेच घरोघर जात्यावर व्हायचं. डाळ भरडताना जातं सैल ठेवतात, हे हाताला ठाऊक असायचं. निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं वरण शिजवून पाहिलेल्यांना त्यात नवल वाटलं नाही.

भावाची बाजू मात्र दुखरी आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली आणि मुंबईत ओरड झाली. २०१६ मध्ये सरकारने मोझांबिकशी तूर आणण्याचा करार केला. त्याच हंगामात पाऊस चांगला झाला, तूर भरघोस आली आणि २०१७ च्या सुरुवातीला मोंढ्यातला भाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली गेला. शेतकरी ट्रॅक्टर उभे करून खरेदी केंद्रांपुढं रात्री काढत होते. शहराचं वरण स्वस्त राहावं यात गैर काही नाही, मावशीच्या घरातही तेच वरण शिजतं. पण त्या स्वस्ताईचा सगळा भार शेतकऱ्यावरच पडावा, हे मला अजून सहन होत नाही.

दाणाबंदरचा घाऊक व्यापार टप्प्याटप्प्याने वाशीला हलला. १९८९ पासून न्हावाशेव्याचं नवं बंदर जहाजं घेऊ लागलं. बिदरहून मुंबईला जाणारी गाडी आता उदगीरवरून जाते. येळवसला, म्हणजे वेळ अमावस्येला, मुंबईतली माणसं तिच्यातून गावी येतात. शेतात पांडव म्हणून मांडलेल्या दगडांपुढं भज्जी, उंडे, अंबील मांडतात. भज्जीत शिवारातली मिळेल ती प्रत्येक शेंग आणि पालेभाजी असते, अंबील मातीच्या केळीतून आणलेली असते. परतताना डबे भरून भज्जी गाडीत चढते. दुसऱ्या दिवशी मानखुर्दच्या गल्लीत ती वाटली जाते.

मागच्या उन्हाळ्यात मी एका मिलमध्ये होतो. आफ्रिकेतून न्हावाशेव्याला उतरलेली तूर ट्रकने आली होती, पांढऱ्या प्लास्टिकच्या पोत्यांत, त्यांवर परदेशी अक्षरं. दाणा आमच्या तुरीहून जरा बारीक, रंगही वेगळा. इथूनच कधीकाळी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आफ्रिकेला गेलेल्या तुरीचा हा वंश. हमालाने आकडा घालून पोतं ओढलं, शिवण उसवली, दाणे चाळणीत सोडले. चार-पाच दिवसांनी तीच डाळ होऊन नव्या बारदानात भरली गेली. बारदानावर आता मिलचं नाव होतं आणि खाली मोठ्या अक्षरांत उदगीर. संध्याकाळी ट्रक वाशीला निघाला. ज्या बंदरावर ती तूर उतरली होती, तिथून वाशीचा बाजार तासाभराच्या वाटेवर आहे.